शिरोळचा ढग

१९५० च्या आसपास कोल्हापुरात ज्यांनी घराबाहेर उभं राहून फोटो काढून घेतले, त्यांच्या डोक्यावरचे ढग बहुतेक राजमती उपाध्ये यांनी केलेले आहेत.

त्या वेळच्या कॅमेऱ्यात माणूस नीट आला की आकाश पांढरंफटक यायचं. रंकाळ्याच्या काठावर बसलेलं कुटुंब असो की नव्या मोटारीला टेकलेला मालक, वर नुसता कोरा कागद. गिऱ्हाइकाला ते आवडत नसे. मग अंबादास फोटोवाले तो फोटो स्टुडिओच्या माडीवर पाठवत. तिथं खिडकीशी बसून राजमतीबाई कापसाच्या बोळ्यानं आकाशावर काळी पूड चोळत आणि खोडरबराच्या टोकानं त्यातून ढग उचलत. लग्नाला मऊ, पैलवानाला जरा दांडगे. त्या फोटोचा पुन्हा एक फोटो काढला, की हात फिरल्याची खूणसुद्धा राहत नसे.

त्यांचे यजमान अंबादासांचे भागीदार होते. ते शेहेचाळीस साली गेले. शिरोळला माहेरचे लोक बोलवत होते, पण बाई गेल्या नाहीत. यजमानांचा घडीचा कॅमेरा मागं राहिला होता, तो त्यांनी हातात घेतला. भिंगापुढं पिवळी काच धरली, की आकाश काळवंडतं आणि खरे ढग उमटतात, हे त्यांनी घराच्या गच्चीवर स्वतःच शोधून काढलं. जिथं जातील तिथं कॅमेरा बरोबर. हातकणंगल्याच्या फलाटावर गाडीची वाट बघताना त्यांनी मावळती टिपली. राधानगरीला नात्यातल्या लग्नाला गेल्या आणि नवरानवरी सोडून डोंगरावर उतरलेल्या धुक्याचे सहा फोटो काढून आल्या.

अंबादास एकेक फोटो उलटसुलट करून विचारत, "वैनी, ह्यात माणूस कुठाय?"

"माणसं खाली रांगेत बसल्यात की. त्यांचं बघा."

त्रेपन्न सालच्या चैत्रात त्या माहेराहून बैलगाडीनं स्टेशनकडं येत होत्या. दुपारी चारच्या सुमाराला पूर्वेला एक ढग उठला. बूड काळंभोर, माथा ऐरणीसारखा सपाट, आणि खाली सगळं रान उन्हात. गाडीवान म्हणाला, "गारा येत्यात अक्का, बसून ऱ्हावा." अक्का उतरल्या, बांधावर उभ्या राहिल्या आणि एकच फोटो काढला. दुसरा काढायला वेळ मिळाला नाही.

त्या दिवाळीच्या सुट्टीत बाजाराजवळच्या एका शाळेच्या हॉलमध्ये फोटोंचं प्रदर्शन भरलं. मी मास्तर म्हणून नवा होतो आणि अक्षर बरं होतं, म्हणून फोटोखालच्या चिठ्ठ्या लिहायचं काम माझ्याकडं आलं. परीक्षक होते हंबीरराव. हौशी माणूस, स्वतःचे तीन कॅमेरे, आणि मनानं वाईट नव्हते. शिरोळच्या ढगापुढं ते बराच वेळ उभे राहिले.

"बाई, काय हात आहे तुमचा!" ते म्हणाले. "हस्तकामात पहिलं पदक. लिहा मास्तर."

"हस्तकाम न्हाई हे," राजमतीबाई म्हणाल्या. "ढग खरा आहे."

हंबीरराव हसले. "सगळ्या गावाचे ढग तुम्ही करता, आणि तुमचा तेवढा देवानं केला?"

बाईंनी पिशवीतून निगेटिव्ह काढून पुढं धरली. ती हंबीररावांनी उजेडात बघितलीही. "स्वच्छ आहे. पण रंगवलेल्या फोटोचा पुन्हा फोटो काढला की निगेटिव्ह स्वच्छच येते. हे मी तुम्हाला सांगायचं? आणि हे बघा," त्यांनी फोटोच्या खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथं शेतात एक काळा डाग होता. "इथं तुमची पूड सांडली."

"पूड न्हाई."

"मग काय आहे?"

"ठाऊक न्हाई. मी वर बघत होते. पण तिथं होतं म्हणून आलंय."

बाईंनी त्या वेळी झुडूप म्हटलं असतं, डबकं म्हटलं असतं, तर कदाचित भागलं असतं. पण जे बघितलं नाही ते त्या सांगेनात. अंबादासांनी त्यांना बाजूला घेतलं, पण त्यांची कुजबूजही हॉलभर ऐकू यायची.

"वैनी, गप पदक घ्या. स्टुडिओचं नाव हुतंय."

"तुमच्यासाठी मी पाचशे ढग केले. हा मी केलेला न्हाई. ह्याच्यावर माझं पदक कसं घेऊ?"

मग त्या माझ्या टेबलाशी आल्या. "मास्तर, लिहा. शिरोळ, चैत्र, दुपारी चार. ह्याला हात लागलेला नाही."

मी हंबीररावांकडं बघितलं.

"त्यांच्याकडं काय बघता? फोटो माझा आहे."

मी लिहिलं. पदक गेलं, फोटो जागेवर राहिला. दोन दिवस लोक येत, चिठ्ठी वाचत आणि गालात हसत. बाई दोन्ही दिवस संध्याकाळी येऊन फोटोशेजारी उभ्या राहिल्या. कुणी हसलं की त्याच्याकडं नीट बघत. बघणारा पुढं सरकायचा.

तिसऱ्या दिवशी दुपारी बाजाराला आलेली एक म्हातारी पाणी प्यायला हॉलमध्ये शिरली. चिमणाबाई, राहणार शिरोळ. तांब्या तोंडाला लावता लावता तिची नजर भिंतीवर गेली आणि पाणी लुगड्यावर सांडलं.

"आगं बया! ही माझी मिरची!"

हंबीरराव तिथंच होते. "कुठली मिरची, आजी?"

तिनं त्या काळ्या डागावर बोट आपटलं. "ही की! बांधाला लागून वाळत घाटलीती. आन् ह्यो मुडदा," बोट वर ढगाकडं गेलं, "ह्येनंच गारा टाकल्या. निम्मी मिरची चिखलात गेली."

"कशावरून तुमचीच?"

"मिरची माझी, रान माझं, आन् मला इचारतोय कशावरनं! पावणं, तुमी हुतासा व्हय तितं?" मग तिनं फोटोला जवळजवळ नाक लावलं. "मी कशी दिसंना ह्यात? व्हय, मी पोती आणाय गेलतो."

मी स्टुडिओकडं धावलो. राजमतीबाई आल्या त्या बोटांची पूड पदराला पुसतच. सगळं ऐकून आधी त्यांनी कपाळाला हात लावला. "लाल रंग ह्या फिल्मवर काळा येतो. एवढं मला सुचायला हवं होतं."

हंबीररावांनी सगळ्यांसमोर चूक कबूल केली, हे त्यांच्या बाजूनं सांगायलाच हवं. "बाई, पदक तुमचं. निसर्गदृश्यातलं पहिलं."

"नको," बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "माझ्या शब्दावर दिलं न्हाईत. आता मिरचीच्या शब्दावर मी घेणार न्हाई."

"असं काय करता!"

"चिठ्ठी खरी होती, एवढं कबूल केलंत. माझं काम झालं."

प्रदर्शन संपल्यावर तो फोटो त्यांनी चिमणाबाईला देऊन टाकला. निगेटिव्ह त्यांच्याकडं होतीच. स्टुडिओत मात्र त्यांनी अंबादासांना सांगून टाकलं, चेहऱ्यावरचे डाग काढीन, डोळे मिटले असतील तर उघडीन, ढग घालणार नाही. अंबादास चिडले, मग विनवू लागले. दुसरा माणूस आणून बघितला, पण त्याचे ढग कणकेच्या गोळ्यांसारखे यायचे. शेवटी गिऱ्हाइकांना कोऱ्या आकाशाची सवय झाली.

पंचावन्न साली माझं लग्न झालं. पंचगंगेच्या घाटावर आम्हा दोघांचा फोटो अंबादासांनीच काढला. जुनी ओळख म्हणून मी माडीवर जाऊन म्हटलं, "राजमतीबाई, एखादा लहानसा ढग. त्या दिवशी खरंच होते हो."

"होते, मीही गच्चीवरून बघितले," त्या म्हणाल्या. "पण अंबादासभावजींनी पिवळी काच लावली न्हाई. त्यांनी न्हाई टिपले ते मी कुठनं आणू?"

तो फोटो अजून आमच्या भिंतीवर आहे. आम्ही दोघं अवघडून उभे आहोत, आणि वरचं आकाश पांढरं आहे.