पिन खिशात

मेंदीच्या कुंपणाला कापायचं मशीन लावण्याआधी आमचे माळी दिनकरमामा काठीने कुंपण ठोकत आणि मोठ्याने विचारत, "कोण हाय का आत? या भाईर!" मग सरडा निघे, एखादं मांजर निघे. एकदा बुलबुलाचं घरटं सापडलं, तेव्हा मामांनी तेवढा तुकडा सोडून बाकीचं कुंपण कापलं. महिनाभर आमच्या कॉलनीचं कुंपण न्हाव्याच्या खुर्चीतून अर्ध्यावर उठलेल्या माणसासारखं दिसत होतं. मी सेक्रेटरी, त्यामुळे लोकांची बोलणी मला खावी लागली. मी मामांवर चिडलो. ते म्हणाले, "सायेब, मेंदी परत वाढती की. घर मोडलं तर बांधणार कोण, तुम्ही?"

मामा हातकणंगल्याहून सकाळच्या रेल्वेने कोल्हापुरात येत. आल्यावर सगळ्यांना जयभीम घालत, अगदी तोंड फिरवणाऱ्यांनाही. चष्मा, हातमोजे, मशीनची वायर उजव्या खांद्यावरून पाठीमागे टाकलेली. पात्यात काडी अडकली की आधी वायरची पिन काढून खिशात, मगच पात्याला हात. "पिन माझ्या खिशात, तर बोटं माझ्या हातात," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दर वेळी म्हणत. मला त्याचा कंटाळा आला होता, हे आज कबूल करतो.

आमच्या मशीनची कळ सैल झाली होती. सारखी जोर लावून दाबावी लागे, नाहीतर पातं थांबे. दुरुस्तीला टाकायचं म्हणजे आठवडा गेला असता, आणि झेंडावंदन दोन दिवसांवर आलेलं. मी कळीवर चिकटपट्टी गुंडाळली, कळ कायमची दाबलेली. स्वतःच्या हुशारीवर खूशही झालो. मामांनी मशीन उलटसुलट करून पाहिलं.

"सायेब, आता हे पिन लावली की पळतंय. हे बरं न्हाय."

"झेंडावंदन झालं की टाकू दुरुस्तीला. तुम्ही आहात ना सांभाळायला?"

मामांनी मान हलवली आणि कामाला लागले.

आदल्या दिवशी दुपारी फाटकाजवळचा शेवटचा तुकडा उरला होता. पात्यात काडी अडकली आणि तेवढ्यात लाईट गेली. मामा पिन काढायला वळले. पिन पार फाटकापलीकडच्या बोर्डाला होती. मी शेजारीच उभा होतो, घड्याळ बघत. म्हणालो, "अहो मामा, लाईटच नाही, पिन कसली काढताय? काढा काडी पटकन."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "व्हय," म्हणाले आणि पात्यात हात घातला.

लाईट लगेच आली.

डाव्या हाताची दोन बोटं गेली. दवाखान्यात डॉक्टरांनी कसं झालं ते विचारलं. मी तोंड उघडायच्या आत मामा म्हणाले, "पिन खिशात न्हवती. चूक माझीच." डॉक्टरांनी तेच लिहून घेतलं. पुढच्या मीटिंगमध्ये इतिवृत्त लिहायची पाळी आली. तेव्हा मी, याच हाताने, सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'माळ्याच्या हयगयीमुळे अपघात.' चिकटपट्टीबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. सगळ्यांनी सह्या केल्या. तेवढ्यावरून कॉलनीने मामांचं काम बंद केलं. हयगय करणाऱ्याच्या हातात मशीन कोण देणार? इतर कॉलन्यांनीही आमच्याकडे चौकशी केली आणि मी सगळ्यांना इतिवृत्तात होतं तेच सांगितलं.

मामा गेल्याचं कळलं तेव्हा मी पहिल्यांदा हातकणंगल्याला त्यांच्या घरी गेलो. तापाचं निमित्त झालं होतं. पण तीन वर्षं माणूस नुसता दारात बसून होता, असं शेजारी म्हणाले. मी कोण ते सांगितल्यावर मामी उठल्या, मला खुर्ची दिली, चहा ठेवला. म्हणाल्या, "पोरं लई चिडायची तुमच्यावर. ह्ये म्हणायचे, सायबास्नी कोण बोलायचं न्हाय. पिन खिशात न्हवती, चूक माझी हाय."

त्या माउलीने माझ्या हातात कप दिला आणि मी तो चहा प्यालो. सांगायचं ठरवून गेलो होतो. सांगितलं नाही.

कॉलनीचा सेक्रेटरी अजून मीच आहे. इतिवृत्ताची वही माझ्याच कपाटात असते. कितीदा काढून ते पान उघडलं, पेनाचं टोपणही काढलं. ते वाक्य अजून तसंच आहे.