बोकडाचा होकार

आमच्या वाडीत देवीला बोकड द्यायचा असला की आधी बोकडाचीच परवानगी घेतात. भोरच्या ऑफिसात मी हे सांगितलं की लोक हसतात, पण खरंच घेतात. बोकडाला हळदकुंकू लावायचं, अंगावर पाणी शिंपडायचं आणि वाट बघायची. त्यानं सर्वांग झाडलं, की देवीला मान्य आणि त्यालाही मान्य. नाही झाडलं, तर सोडून द्यायचा. सुटलेला बोकड मात्र मी जन्मात पाहिलेला नाही.

आईच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या तेव्हा तिनं असाच नवस बोलला. खरं तर नवस फळल्यावर फेडायचा असतो, पण आईला धीर कुठला! "आदी देऊन टाकते, म्हंजी देवीलाबी इसरायला नगं," म्हणाली. पासली गावाच्या वर डोंगरात आमची वाडी. शेरडं राखून तिनं आम्हा दोघा भावंडांना वाढवलं, दादाला शिकवलं, मला भोरला दिली. अशा बाईशी वाद घालायचा नसतो.

त्या दिवशी वहिनीही आली होती. वहिनी म्हणजे दादाची बायको, नसरापूरच्या एका दवाखान्यात नर्स. माहेर नगरकडचं, घराणं ख्रिस्ती. दादानं हे लग्न केल्यापासून आई तिच्या हातचं पाणी पीत नव्हती. भांडण नाही, शिवी नाही, फक्त पाणी नाही. वहिनीनं तांब्या पुढं केला की आई म्हणायची, "ठेव तितं." तो तांब्या मग तिथंच राहायचा. मला या प्रकाराचा संताप यायचा आणि मी तो आईला तोंडावर बोलून दाखवायचे. "तू भोरची झालीस, तुला काय कळतंय," एवढंच ती म्हणायची.

तर बोकड काही अंग झाडेना. एकदा पाणी झालं, पुन्हा झालं. तो आपला आमच्याकडे बघत शांत उभा. आईचा चेहरा उतरला. मग आमच्या चुलत्यांनी पुढं होऊन हळूच त्याच्या कानात पाणी सोडलं. बोकड शेपटीपर्यंत थरथरला. "दिला, कौल दिला!" सगळे ओरडले, आणि आईनं हात जोडले.

परतताना टेम्पोत वहिनी माझ्याशेजारी बसली होती. ती म्हणाली, "ताई, कानात पाणी घातल्यावर कोण अंग झाडणार नाही?"

मला झोंबलं. आपल्या माणसांना नावं आपण ठेवावीत, दुसऱ्यानं ठेवलेली खपत नाहीत. मी म्हटलं, "तुमच्यात तरी वेगळं काय आहे? पोटच्या पोराला क्रुसावर चढू दिलं आणि वर म्हणायचं, देवाचं प्रेम! कसलं मेलं हे प्रेम?"

ती चिडली नाही. म्हणाली, "देवाला कुणाचं तरी रक्त हवं होतं, असं मी नाही समजत. मी असं समजते, की देव स्वतःच बोकडाच्या जागी येऊन उभा राहिला. पळून जाता येत होतं, तरी गेला नाही. त्याच्या कानात कुणी पाणी घातलं नव्हतं, ताई."

देवाला बोकडाच्या जागी उभं केलेलं ऐकून मला धक्काच बसला. देवाला असं बोलतात का कुणी?

बोकडानं काही भागलं नाही. आईला मी भोरला माझ्या घरी आणलं. डायलिसिससाठी पुण्याच्या खेपा सुरू झाल्या. दिवसाचं पाणीसुद्धा तिला मापानं मिळू लागलं. डोंगरातल्या झऱ्याला तोंड लावून पिणारी बाई घोटाघोटासाठी माझ्या तोंडाकडे बघायची. किडनी बदलली नाही तर आई फार काळ काढणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. मला साखर, दादाला रक्तदाब, किडनी द्यायला आम्ही दोघंही बाद झालो. तेव्हा वहिनी म्हणाली, "माझी तपासा." तपासली आणि जुळली.

मी हादरले. आनंद व्हायच्या आधी मला तिचा रागच आला. स्वयंपाकघरात गाठून मी तिला विचारलं, "एवढा जीव आहे तुमचा आईवर?"

"नाही," ती म्हणाली. "खरं सांगू? आई मला फारशा आवडत नाहीत."

माझी तव्यावरची पोळी करपली. ती काहीतरी गोड, देवाधर्माचं बोलेल अशी माझी खात्री होती.

"मग कशाला देताय?"

"त्या आवडायला लागल्या की देईन म्हटलं, तर कधीच देणं होणार नाही. मी चांगली होईपर्यंत येशू माझ्यासाठी थांबला नव्हता. भीती वाटते मला. दुखणारही आहे, मी नर्स आहे, मला ठाऊक आहे किती ते. पण नको असं मन म्हणत नाही." एवढं बोलून तिनं करपलेली पोळी काढली आणि दुसरी टाकली.

हॉस्पिटलच्या परवानगी देणाऱ्या समितीनं वहिनीला एकटीला बसवून विचारलं, कुणी दबाव आणलाय का, काही आमिष दाखवलंय का. तिनं नाही सांगितलं. पण आईच अडून बसली. "देवीचं फेडता येतं. हिचं कसं फेडू? जिच्या हातचं पानी प्याले न्हाई, तिच्या पोटातलं कुठल्या तोंडानं घेऊ?" दादानं तिचे पाय धरले तेव्हा कशीबशी भरती व्हायला तयार झाली. "पर मला तिला येकदा इचारायचंय," म्हणाली.

"समितीनं विचारलंय की," मी म्हटलं.

"सायबांनी इचारलं ते कागदापुरतं. बोकडालाबी इचारत्यात. म्या बगितलंय कसं इचारत्यात ते."

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी आईनं वहिनीला कॉटवर समोर बसवलं. टेबलावर आईचं त्या दिवसाचं उरलेलं पाणी ग्लासात झाकून ठेवलं होतं. तिनं झाकण काढलं, बोटं बुडवली आणि ते पाणी वहिनीच्या डोक्यावर शिंपडलं.

"आई!" दादा ओरडला. स्वतःच्या सुनेला ही बाई बोकडासारखं उभं करत होती!

"गप ऱ्हा," आई त्याला म्हणाली. मग वहिनीकडे वळली. "पोरी, म्या तुज्या कानात पानी घालनार न्हाई. तू अंग झाडू नगंस. नुसती बसून ऱ्हा, म्या तुला सोडली. कुनी तुला बोल लावनार न्हाई. म्याच नगं म्हनले, असं सांगीन समद्यांस्नी."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. आई तिला सोडत होती, म्हणजे स्वतःचा जीव सोडत होती.

वहिनी हलली नाही. पाणी तिच्या भांगातून कपाळावर ओघळलं. दादा भिंतीकडे तोंड करून उभा होता. तिनं झाडावं की झाडू नये, मला काय हवं होतं ते आजही मला सांगता येणार नाही.

मग वहिनीनं डोळे मिटले आणि डोक्यापासून पायापर्यंत सगळं अंग झाडलं. चांगलं जोरात. कॉट करकरली, थेंब आमच्या तोंडावर उडाले.

आईनं तोंडात पदर कोंबला आणि रडली. वडील गेले तेव्हाही मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. बऱ्याच वेळानं तिनं तो ग्लास उचलून वहिनीपुढं धरला.

"घे," ती म्हणाली, "तुज्या हातानं पाज."

ग्लासात घोटभरच उरलं होतं. वहिनीनं ते तिला पाजलं.