झाकणाच्या आतला ‘ऐकला’

माझ्या दादाच्या प्रत्येक पँटचा डावा खिसा आधी फाटतो. उजवा मात्र कोरा करकरीत राहतो. कारण असं, की चालू यंत्रात काम करताना दादा एकच हात आत घालतो, उजवा. डावा खिशात. दोन्ही हात आत असताना झटका बसला, तर वीज एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हाताकडे जाते, आणि मग माणूस हाती लागत नाही. हे त्याने मला पहिल्याच दिवशी सांगितलं. तेव्हापासून त्याचे खिसे मी शिवते आणि शिवताना कुरकुर करते.

दादा अ‍ॅम्प बनवतो. असं सांगितलं की लोक म्हणतात, “म्हणजे स्पीकर?” पूर्वी मी समजावून सांगायचे, आता नुसती मान हलवते. बेस गिटार म्हणून एक वाद्य असतं, चार जाड तारांचं. त्याचा खर्ज मोठा करून स्पीकरकडे पाठवणारी जी पेटी असते, ती दादा हाताने बनवतो. जुन्या रेडिओत असायचे तसल्या काचेच्या व्हॉल्व्हची, उचलायला दोन माणसं लागतील अशी. वर्षाला एक, फार तर दोन. बत्तीस वर्षांत त्रेचाळीस झाल्या. वाजवणारे तीन-तीन वर्षं थांबतात आणि वर आभारही मानतात. पोटापाण्यासाठी तो सभागृहांचे माईक दुरुस्त करतो, पण त्याला काम विचारलं तर माईकचं नावही काढत नाही. लग्न केलं नाही. कोणी विचारलंच तर म्हणतो, “मग ह्या पेट्या कुठे ठेवल्या असत्या?”

ट्रान्सफॉर्मर मी गुंडाळते. आईच्या शिलाई मशीनचा खालचा सांगाडा होता, त्यावर दादाने मला वेढे घालायचं यंत्र बसवून दिलं. पाय चालवायचा, तांब्याची तार बोटांतून सोडायची आणि मोजत राहायचं. मधे कोणी बोललं की आकडा जातो आणि मी बोलणाऱ्याच्या अंगावर जाते. मागच्या खोलीत एका टेबलावर तो, एका टेबलावर मी, आणि दिवसभर दोघांची तोंडं बंद. म्हणूनच बहुधा आमचं इतकी वर्षं निभलं.

पेटी पुरी झाली की दादा ज्याची असेल त्याला बोलावतो, वाजवायला लावतो आणि स्वतः पेटीवर तळवा ठेवून डोळे मिटून उभा राहतो. मग वाजवणाऱ्याने थांबायचं. खरी परीक्षा तेव्हा असते. दादाचं म्हणणं, वाजताना सगळेच अ‍ॅम्प चांगले वाटतात, गप्प बसता येणारा एखादाच. ती शांतता मनासारखी असली की तो कानामागची पेन्सिल काढतो आणि झाकणाच्या आत तारीख घालून एक शब्द लिहितो, ‘ऐकला’. झाकण लागल्यावर तो शब्द कोणाला दिसत नाही. पण तो लिहिल्याशिवाय पेटी घराबाहेर गेलेली नाही.

दोन वर्षांपूर्वी त्याचे कान जायला लागले. आधी दारावरची बेल गेली, मग किटलीची शिट्टी. “तू हल्ली पुटपुटतेस,” असं तो मला म्हणायला लागला. मला! माझा आवाज गल्लीच्या टोकाला जातो म्हणून लहानपणी मी मार खाल्लेला आहे. मी चिडले, भांडले, आणि एक दिवस माझ्या लक्षात आलं की समोर उभी राहिले तर त्याला सगळं कळतं आणि पाठीमागून काहीच कळत नाही. मग मी समोर जाऊन बोलायला लागले. त्याला काही म्हटलं नाही. माझी हिंमतच झाली नाही.

त्रेचाळिसावी पेटी खालच्याची होती. खालचा म्हणजे दादाचा सर्वांत जुना दोस्त. चाळीस वर्षं लोकांच्या लग्नांत आणि हॉटेलांत खालचे सूर वाजवले म्हणून हे नाव. दादाची पहिली पेटीही त्याचीच. म्हातारपणी एकदा नवी हवी म्हणून त्याने नंबर लावला आणि इतरांसारखा तीन वर्षं थांबला.

तो आला, गिटार जोडली आणि सर्वांत जाड तार छेडली. खिडकीच्या काचा थरथरल्या, माझ्या बशीतला चमचा नाचायला लागला. नंतर त्याने तारांवर हात आडवा ठेवून आवाज बंद केला.

आणि त्या शांततेत आवाज आला, सूऽऽ. गॅसचा नळ उघडा राहिल्यासारखा.

दादाचा तळवा पेटीवर होता, डोळे मिटलेले, चेहऱ्यावर समाधान. “बघ, कसा गप्प आहे,” तो म्हणाला.

खालच्याने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. “झकास,” खालचा म्हणाला. “छान झालाय,” मी म्हणाले. दादाने पेन्सिल काढली आणि लिहिलं, ‘ऐकला’.

फाटकापाशी खालच्याने मला गाठलं. “ताई, त्याला सांगायला हवं.”

“मग सांग ना.”

“मी कसं सांगू? तू बहीण आहेस.”

“आणि तू चाळीस वर्षांचा दोस्त आहेस.”

असं आम्ही ते एकमेकांवर ढकललं, आणि तो सूऽऽ करणारी पेटी गाडीत घालून घेऊन गेला. घरात आले तर दादा शीळ घालत होता. “कान शाबूत आहेत तोवर पन्नास पुऱ्या करतो बघ,” म्हणाला. “कर की,” मी म्हटलं. जिभेला काही हाड.

एकोणीस दिवसांनी, भर दुपारी, तो चव्वेचाळिसाव्या पेटीवर काम करत होता. नुसता ट्रान्सफॉर्मर आणि वीज पुरवणारा भाग जोडलेला होता. व्हॉल्व्ह बसवले नव्हते, नाहीतर त्यांचा तांबडा उजेड दिसला असता. समोरचा छोटा दिवा तो नेहमी शेवटी लावतो, फुटू नये म्हणून. त्यामुळे यंत्र चालू आहे की बंद, हे तो एकाच गोष्टीवरून ओळखायचा. चालू ट्रान्सफॉर्मर बारीक आवाजात घुमतो. दादा कान जवळ नेतो, घुमत नसेल तर बंद. प्लग काढायचा नियम त्याने जगाला शिकवला, स्वतः मात्र कानावर विसंबला.

मी वेढे मोजत होते. तेराशे बारा, तेराशे तेरा. मान वर केली तेव्हा त्याने कान जवळ नेला होता. मला माझ्या टेबलापासून ते घुमणं ऐकू येत होतं. त्याने मान हलवली, डावा हात खिशातून काढला, आणि दोन्ही हात आत घातले.

मी ओरडले. ओरडून काय उपयोग होता? तो आवाज त्याच्यापर्यंत पोचलाच नाही. मी भिंतीवरचा मोठा खटका पाडला तोवर तो खुर्चीसकट मागे पडला होता. उजव्या हाताची दोन बोटं भाजली होती आणि ओठ पांढरे पडले होते. पण श्वास चालू होता. मी त्याच्या छातीवर डोकं ठेवून किती वेळ रडले ते मला आठवत नाही.

दवाखान्यात डॉक्टर त्याच्या पाठीला नळी लावून म्हणाल्या, “श्वास आत घ्या.” दादा आपल्या बोटांवरच्या पट्टीकडे पाहत बसला. “आत घ्या श्वास,” त्या पुन्हा म्हणाल्या. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “यांना किती दिवस ऐकू येत नाही?”

“दोन वर्षं,” मी म्हटलं. इतकं चटकन, की माझी मलाच लाज वाटली.

घरी आल्यावर दादाने मला समोर बसवलं. “खालच्याची पेटी गप्प होती का?”

“नाही.”

“तुला ऐकू येत होतं?”

“हो. त्यालाही.”

मी म्हटलं, “तुला वाईट वाटलं असतं रे.”

“वाटलं असतं,” दादा म्हणाला. “आणि मग मी प्लग काढला असता.”

आयुष्यात त्याने मला पुष्कळ बोल लावले आहेत. पण असा लागलेला एकही नाही.

दुसऱ्याच दिवशी त्याने खालच्याला निरोप धाडायला लावला, पेटी घेऊन ये. झाकण उघडलं, खोडरबर घेतलं आणि ‘ऐकला’ पुसून काढलं. पुसताना पत्र्यावर काळा डाग पडला, तो अजून आहे. कानाला लावायचं मशीनही त्याने घेतलं. मशीनने माणसं ऐकू येतात. पण दादा म्हणतो, ते स्वतःच सू करतं, त्यात दुसऱ्याचं सू काय कळणार?

मग सू कुठून येतं ते आम्ही शोधायला बसलो. पेटी चालू ठेवायची, प्लगला लाल फडकं बांधायचं, म्हणजे कोणालाही दिसावं. दादा डावा हात खिशात घालून पट्टी बांधलेल्या उजव्या हाताने लाकडी काडी धरायचा आणि आतल्या एकेका भागाला टोचायचा. मी स्पीकरला कान लावून सांगायचं, वाढलं की कमी झालं. भाग सापडला की बंद करायचं, प्लग काढायचा, तो मला दाखवायचा, मगच बदलायचं. पाच दिवसांत चार भाग बदलले. दर वेळी तो विचारायचा, “गेला?” दर वेळी मी म्हणायचे, “आहे,” आणि दर वेळी तो माझ्या तोंडाकडे इतकं निरखून पाहायचा, की खरं बोलत असूनही मला घाम फुटायचा.

सहाव्या दिवशी संध्याकाळी खालचा आला. त्याने तार छेडली आणि हात आडवा ठेवला. खोली शांत झाली.

“गेला की रे!” खालचा म्हणाला.

दादाने त्याच्याकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं. त्याच्या हातात पेन्सिल होती, पट्टीखाली बोटं सुजली होती. मी नुसतं ‘गेला’ म्हटलं असतं तर तो जाऊन आडवा झाला असता. आणि मला ते म्हणायचं होतं, किती म्हणायचं होतं ते मलाच माहीत. मी स्पीकरच्या कापडाला कान लावला, श्वास धरला आणि थांबले. अगदी खाली, दोऱ्याएवढा बारीक, होता.

मी उठून त्याच्या समोर गेले. “आहे,” मी म्हटलं.

खालच्याने कपाळाला हात लावला. दादाने मान हलवली, पेन्सिल पुन्हा कानामागे खोचली, डावा हात खिशात घातला आणि काडी उचलली.