सुनीताचा फ्लॅट आणि आमचं मखर

मंडळी, आज माझा नुसता जळफळाट झालाय!

अंबडच्या एमआयडीसीत आमच्या शेजारच्या कंपनीत काम करणाऱ्या सुनीताच्या नव्या फ्लॅटची आज वास्तुशांत होती. पगार माझ्याएवढाच. पण तिच्या कंपनीने कामगारांच्या बिल्डिंगसाठी जागा दिली, सरकारी अनुदान मिळालं, बँकेने कर्ज दिलं, म्हणून तिला घर परवडलं.

निदान पाणी तरी येत नसेल, या आशेने मी किचनमधला नळ सोडला. धो धो पाणी!

"प्रेशर भारी आहे ना गं?" सुनीता म्हणाली. मी हसून प्रसादाचा शिरा कसाबसा गिळला.

आमच्या कंपनीत गणपतीच्या मखरासाठी मालक, युनियन, सप्लायर सगळे एकत्र येतात. बाप्पाला दहा दिवस राहायला एवढी जोरदार सोय. आम्हाला जन्मभर राहायचंय, त्यासाठी कधी एकत्र बसणार हे लोक?