नाकतोड्याची शेवटची गाठ

अविनाश गेल्याचा फोन मला त्याच्याच नंबरवरून आला. स्क्रीनवर 'अव्या' हे नाव दिसलं आणि मी तो उचलला नाही. कित्येक महिने आमचं बोलणं बंद होतं. आजच का आठवण झाली याला, कुणी काही कानावर घातलं की काय, की नुसताच टोमणा मारायचाय... फोन वाजून थांबला, परत वाजला. शेवटी उचलला तेव्हा मी मुद्दाम कोरड्या आवाजात म्हणालो, "बोला." पलीकडे मंजिरीवहिनी होत्या. "भाऊजी, हे गेले हो..." एवढंच त्या म्हणाल्या. दुकानात, कुणाच्या तरी चष्म्याची काडी बसवता बसवता हृदय बंद पडलं होतं. त्याला आता दीड महिना होईल.

पंचवटीत त्याचं चष्म्याचं दुकान. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो, म्हणून मला तो शेवटपर्यंत 'मास्तर' म्हणायचा. शाळेतली ओळख, पण खरी दोस्ती झाली ती चाळिशीनंतर, दारणा नदीच्या काठी. गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी लावणारे पुष्कळ. अविनाश गळालाच दोरा आणि पिसं बांधून खोटा किडा करायचा. त्याला फ्लाय म्हणतात. ती पाण्यावर अशी टाकायची की माशाला वाटावं, वरून काहीतरी पडलं. मासा लागला की तो ओल्या हातानं सोडवून परत पाण्यात सोडायचा. "फसवलं एवढं पुरे, खायचं कशाला," म्हणायचा. फसवणं हा शब्द तो इतक्या सहज वापरायचा, हे मी नंतर नंतर फार लक्षात ठेवलं.

गेल्या वर्षी त्यानं नाकतोडा काढला. पोटाला जुन्या स्लिपरचा फोम, म्हणजे तरंगायला बरं. कोंबड्याच्या शेपटीच्या पिसाला बारीक गाठ मारून वाकवलेला गुडघा, वर पंखाला बदकाचं पीस, आणि हे सगळं पिवळ्या रेशमानं आवळलेलं. येवल्याला त्याची बहीण असते, तिच्याकडून पैठणीच्या मागावरचं उरलेलं रेशीम तो आणायचा. पहिल्याच रविवारी त्या नाकतोड्यावर मरळ अशी झेपावली की माझ्या हातातला चहा सांडला. मी म्हटलं, मला शिकव.

अविनाश डावखुरा. त्यानं मला टेबलाच्या पलीकडे बसवलं. गळ धरून ठेवणारा छोटा शिकंजा, त्याच्याकडे एक, माझ्याकडे एक. "मी डावा, तू उजवा. आरशात बघतोयस असं समज आणि मी करीन तसं करत जा," म्हणाला. रेशमाचं एक रीळही दिलं. "हेच वापर हां मास्तर, दुसरं नको." मी तसंच केलं. पाय जमले, पंख जमले. शेवटची गाठ आली की मात्र तो चष्मा काढायचा आणि मान खाली घालून नाक गळाला टेकेल इतकं जवळ न्यायचा. दिवा त्याच्या डोक्याआड जायचा, मला काही दिसायचं नाही. "आता काय केलंस?" विचारलं तर, "काही नाही रे, तू केलंस तेच."

त्याचा नाकतोडा महिनोन् महिने टिकायचा. माझा तासाभरात फुलायचा. रेशमाचे पदर सुटून केसांसारखे पिंजारायचे, डोक्याजवळची गाठ ढिली पडायची आणि पाय वाहून जायचे. एकदा चांगली हातभर मरळ माझ्या गळाला आली आणि हातात नुसता फोमचा तुकडा ठेवून गेली. काठावरच्या चहाच्या टपरीवरचा बाळासाहेब बघत होता. हसून म्हणाला, "सर, गुरू लय हुशार असतोय. शेवटचा डाव नाय सांगत कुणाला."

तो गमतीत बोलला. मी ते घरी नेलं. मग मला सगळंच दिसायला लागलं. चष्मेवाला माणूस नेमका तेव्हाच चष्मा का काढतो? समोरच का बसवलं, शेजारी का नाही? हेच रेशीम वापर, असा आग्रह कशासाठी? आणि आता जे लिहितोय ते मी बायकोलाही सांगितलेलं नाही. मी त्यानं दिलेलं रेशीम कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेलं. तुकडा जाळून वास घेतला, एक तुकडा रसायनात भिजत घातला. म्हटलं, कुजवलेलं तर दिलं नाही ना यानं. निघालं शुद्ध, उत्तम रेशीम. तरी माझं मन साफ झालं नाही. उलट वाटलं, म्हणजे खोट दोऱ्यात नाही, हातात आहे. लपवलेल्या गाठीत आहे.

त्यानंतरच्या रविवारी टपरीवर तीन-चार जण होते. कुणीतरी अविनाशला म्हणालं, मलाही शिकवा की नाकतोडा. मी मधेच म्हणालो, "कशाला त्याच्या नादी लागता? ही वाघाची मावशी आहे. सगळं शिकवेल, झाडावर चढणं तेवढं स्वतःकडे ठेवेल." सगळे हसले. अविनाशही हसायला गेला, मग माझ्या चेहऱ्याकडे बघून थांबला. "मास्तर, खरंच असं वाटतं तुला?" मी म्हटलं, "माझा सुटतो, तुझा सुटत नाही. मी काय समजायचं?" त्यानं नाकतोड्यांची डबी बंद केली. "बांधून बघतो परत," एवढंच म्हणाला. मला वाटलं, विषय टाळतोय. त्यानंतर मी दारणेवर गेलो नाही, आणि त्याचे फोन घेणंही हळूहळू बंद केलं.

तेरावा झाल्यावर वहिनींनी घरी बोलावलं. जातानाही माझ्या मनात हेच, की आता त्या मला जाब विचारणार. त्यांनी चहा ठेवला आणि म्हणाल्या, "ते टेबल तसंच आहे. तुम्ही काय ते घेऊन जा, मला त्यातलं काही कळत नाही." त्याचा शिकंजा नेहमी टेबलाच्या एका कडेला असायचा, आता तो दुसऱ्या कडेला लावलेला होता. डबीत नाकतोडे होते. वेडेवाकडे, ढिले, पिंजारलेले. हुबेहूब माझे! क्षणभर वाटलं, माझेच फसलेले गोळा करून ठेवले होते यानं, दाखवून हसायला.

"उजव्या हातानं बांधत बसायचे," वहिनी म्हणाल्या. "दुकानातून आले की हेच. मी विचारलं, डावा हात दुखतोय का? तर म्हणे, नाही गं, मास्तरच्या हातानं बांधून बघतोय. कुठे सुटतं ते सापडत नाही. काय शिव्या घालायचे स्वतःला!"

टेबलावरचं नेहमीचं रीळ हातात घेऊन मी दोऱ्याचं टोक चिमटीत फिरवलं आणि मग कळलं. रेशमाला पीळ असतो. डाव्या हातानं गुंडाळताना तो घट्ट होत जातो, उजव्या हातानं गुंडाळताना उलगडत जातो. आरशात हात उलटतात, दोऱ्याचा पीळ उलटत नाही. त्याला ते माहीत नव्हतं. मलाही नव्हतं, आणि मी तर तो दोरा जाळून पाहिलेला माणूस. त्याला मात्र शेवटी सापडलं असावं, कारण टेबलावरच्या दुसऱ्या रिळातलं रेशीम उलट पिळाचं होतं, हातानं वळून घेतलेलं, कुठे जाड कुठे बारीक. त्याच रेशमानं बांधलेला एक नाकतोडा शिकंज्यात तसाच होता. पाय, पंख, सगळं घट्ट. दोरा खाली लोंबत होता. शेवटची गाठ तेवढी बाकी. ती राहून गेली, की त्यानं माझ्यासाठी ठेवली होती... वहिनींना मी विचारलं नाही. फोन न घेणाऱ्या माणसानं कुठल्या तोंडानं विचारायचं?

शिकंजा आता माझ्या टेबलावर आहे. परवा रविवारी चष्मा काढला, अविनाशसारखंच नाक जवळ नेलं, कारण त्याशिवाय ती गाठ दिसतच नाही, आणि गाठ मारली. मग सवयीनं दोरा ओढून बघितला. एकदा, परत एकदा, जरा जोरातच. सुटली नाही.

अजूनही जाता-येता ओढून बघतो.