भुईआवळ्याला निमंत्रण

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. सुलतानपुरात आमच्या घरी बाबांचं राज्य मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून होतं. झाडपाल्याच्या औषधांचा एक जुना संस्कृत ग्रंथ त्यांच्याकडे होता, खाली मराठी अर्थ दिलेला. बाबा वाचायचे अर्थ आणि ऐकवायचे श्लोक.

त्या पावसाळ्यात मायचे डोळे पिवळेधमक झाले. कावीळ! तिची धाकटी बहीण काविळीनंच गेली होती, त्यामुळे माझं तर धाबंच दणाणलं. मेहकरच्या दवाखान्यात नेऊ म्हटलं, तर बाबा खेकसले, "काऊन? ग्रंथात लिहेल हाय नं सारं. भुईआवळा!"

भुईआवळा आमच्या कपाशीत तण म्हणून माजलेला. मला वाटलं, आणतील उपटून. छे! औषधी रविवारीच उपटायची आणि आदल्या संध्याकाळी तिला निमंत्रण द्यावं लागतं म्हणे. बाबांनी बांधाजवळचं एक जोमदार रोप निवडलं, हळद-अक्षता वाहिल्या, हात जोडून म्हणाले, "उद्या सकाळी आमच्या घरी या." मायला जन्मात कोणी इतक्या अदबीनं बोलावलं नव्हतं.

सकाळी औषधी उपटेपर्यंत बोलायचं नसतं. बाबा मुक्यानं वावरात गेले, मागून मी. पाहतो तर निंदणाऱ्या बाया बांधापर्यंत पोचलेल्या! त्यांना सांगावा बाबांनीच धाडला होता. निमंत्रित पाहुणे तणाच्या ढिगात पडलेले. बाबांना ओरडायचं होतं, पण मौन. नुसते लालबुंद झाले. घरी येऊन म्हणाले, "आता पुढच्या रविवारी."

माय बाजेवर उठून बसली. "कावीळ मले झाली हाय, रविवारले नाही!" तिनं मलाच पिटाळलं, ढिगातली मूठभर रोपं आणवली, वाटून ताकातून प्याली.

बाबांनी मग ग्रंथातलं पथ्याचं पान तेवढं कडक पाळायला लावलं. चुलीपाशी जायचं नाही, पाणी भरायचं नाही, वावर नाही. पडून राहायचं. सगळं काम माझ्या गळ्यात पडलं, पण काय झोपायची हो माय! दिवसाउजेडी आडवी झालेली मी तिला कधी पाहिलीच नव्हती.

डोळे निवळले. बाबा गावभर श्लोक म्हणत फिरले. तरी मी हट्टच धरला, तेव्हा तिला मेहकरला दाखवलं. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. "असेल गुण त्या रोपात. आमच्याही कितीतरी गोळ्या झाडपाल्यातूनच निघतात. पण बाई, तुम्हाला बरं केलं ते विश्रांतीनं. आता ठणठणीत आहात, लागा कामाला."

बाबा खूश होऊन उठले. माय उठली नाही. पदर सावरत तिनं हळूच विचारलं, "डॉक्टरसाहेब, मी जराशी लवकरच बरी झाली काय?"