रोवणीच्या बायांचे अंगठे

माझ्या नणदेच्या नवऱ्याला पोलिसांच्या गाडीत बसवण्यात माझा हात होता. हात कसला, सगळं मीच घडवून आणलं, आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही. गोंदियाला सोयऱ्यांच्या लग्नात बाया मला बाजूला घेऊन हळूच विचारतात, खरं का गं, तूच केलंस का? मी चारचौघांत ऐकू जाईल अशा आवाजात हो म्हणते. जवाई आहे म्हणून काय डोक्यावर बसवून ठेवायचा?

आमचं गाव चिचगडच्या अलीकडे, जंगलाच्या कडेला. मी ग्रामपंचायतीत संगणकावर बसते. दाखले काढते, लोकांचे अर्ज भरते. सासू मात्र गावात माझ्यापेक्षा मोठी असामी. धानाची रोपं लावणाऱ्या, रोवणीच्या बायांची ती म्होरकी. आषाढ लागला की धानवाले शेतकरी आमच्या दारात येऊन विचारतात, आमच्या धानाच्या बांधीत कोणत्या दिवशी येता जी? ती दिवस सांगते आणि त्या दिवशी अकरा बाया तिच्या मागे चिखलात उतरतात. कोणाचा दिवस तिनं चुकवलाय असं कधी झालं नाही. तिच्या तोंडचा शब्द म्हणजे गावात लिहून दिल्यासारखा.

महिना-दीड महिना चिखलात बोटं खुपसून रोपं लावली की अंगठ्यावरच्या रेषा घासून जातात. मग रेशनच्या दुकानात यंत्र अंगठा ओळखत नाही. पाच-सहा वेळा लावावा लागतो. हात धू, पदराला पूस, जरा तेल लाव, परत लाव. आमच्या बायांना याची इतकी सवय की यंत्रानं पहिल्याच फटक्यात अंगठा घेतला तर त्याच दचकतात. हे बाहेरच्या माणसाला ठाऊक नसतं. जवायाला ठाऊक होतं, कारण त्याचं लग्नच या घरात झालं.

तो गोंदियाचा. बोलणं अर्धं हिंदी, शर्ट इस्त्रीचा, आणि मला हाक मारताना नेहमी "क्या कंप्यूटरवाली" असं कुचकट. त्या श्रावणात तो मोठी छत्री, सिमचं यंत्र आणि गठ्ठाभर सिम घेऊन आला. शेजारच्या गावात नुकताच टॉवर उभा राहिला होता. तोवर फोन लावायचा तर तलावाच्या पाळीवर चढून उभं राहावं लागायचं. आता घरात रेंज, वर सिम फुकट, तीन महिने नेट फुकट. सासू हरखली. जवाई आपल्या गावात धंद्याला आला, त्याला रिकाम्या हातानं कसं पाठवायचं? तिनं अकरा जणींना बांधीतून सरळ आमच्या ओसरीवर आणलं. पायांचा चिखल वाळायचा होता. कोणी विचारलं नाही, हे कायले पायजे. म्होरकीचा जवाई म्हटल्यावर विचारायचं काय?

तो एकेकीचा अंगठा घेत होता. "नहीं लगा मामी, फिर से लगाओ." परत. "फोटो हिल गया." परत. बाया हसत होत्या, आमचे अंगठे असेच मेले. मी तिथंच होते. चहा मी केला. खोबरेल तेलाची बाटलीसुद्धा मीच आतून आणून दिली, जरा चोळा, लागेल, असंही मीच म्हणाले. दिवसभर संगणकापुढे बसणारी मी, आणि मला कळू नये? दर "फिर से"ला यंत्र नीट अंगठा घेत होतं आणि त्याच बाईच्या नावावर आणखी एक सिम निघत होतं. आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटतं. पण स्वतःला मारून काय होणार होतं? म्हणून ठरवलं, ज्यानं केलं त्यालाच धरायचं.

दसरा झाला आणि आमच्या दारात पोलीस आले. दोघं परराज्यातले, सोबत आपल्या ठाण्याचे जमादार. सासूचं नाव घेऊन विचारलं. तिच्या नावावरच्या नंबरवरून दूरच्या कुठल्या शहरातल्या एका म्हाताऱ्या मास्तरांना फोन गेले होते. मी पोलीस बोलतोय, तुमच्या नावावर गुन्हा आहे, फोनच्या कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही. असं दोन दिवस त्यांना घरात बसवून ठेवलं आणि त्यांची जन्माची पुंजी काढून घेतली. बातम्यांमध्ये आम्ही असलं ऐकत होतो, डिजिटल अरेस्ट म्हणतात त्याला. लोक कसे फसतात म्हणून हसतही होतो. आता तो नंबर आमच्या घरात निघाला. सासू उंबऱ्याशी उभी राहून एकच विचारत होती, "त्या मास्तराले मी फोन केला?"

त्या दिवशी तिला नेलं नाही, जबाबाला या म्हणून सांगितलं. पण गल्लीनं गाडी पाहिली होती. लवकर पिकणाऱ्या हलक्या धानाची कापणी लागली आणि पहिल्यांदाच आमच्या दारात कोणी दिवस विचारायला आलं नाही. अकरापैकी दोघी येऊन गेल्या, त्याही भांडायला. तूच आम्हाला नेलं म्हणाल्या, आता आमच्याही दारात गाडी आणशील. सासू विहिरीवर जायची बंद झाली. चाळीस वर्षं जिनं गावाला शब्द दिला आणि पाळला, ती मागच्या दारानं ये-जा करायला लागली. माझ्या जिवाची नुसती लाही लाही होत होती. प्रश्न एवढाच उरला होता की माझी सासू चोर आहे की नाही.

आपल्या नावावर किती नंबर आहेत ते दाखवणारी सरकारची एक साइट आहे. सासूचा फोन घेऊन बसले, आलेला ओटीपी टाकला आणि पडद्यावर सात नंबर उतरले. त्यातला तिचा एक. मग मी त्या अकरा जणींच्या घरी एकेक करून गेले. दोघींनी दार लावून घेतलं, तरी परत गेले. कोणाच्या नावावर चार, कोणाच्या नावावर सहा. त्यांना पडद्यावर आकडे दाखवले तेव्हा भांडायला आलेल्यांपैकी एक मटकन खाली बसली. सगळ्या याद्या मी वहीत उतरवून घेतल्या. सासूची तर तोंडपाठच झाली.

माझा नवरा म्हणाला, घरातली गोष्ट घरात राहू दे, बहिणीचा संसार आहे. मी त्याला सांगितलं की तुझी आईसुद्धा घरातलीच आहे.

जमादार भला माणूस. त्यांनी वही पाहिली आणि अडचण सांगितली. सिम विकणाऱ्याचा कोड भलत्याच, केव्हाच बंद पडलेल्या दुकानाच्या नावावर होता. अंगठा यानंच घेतला हे बायांनी सांगायला हवं, पहिल्यांदा म्होरकीनं. आणि माणूस तर सापडायला हवा. जवायानं घर सोडलं होतं. नणंद म्हणायची, कामाला रायपूरला गेलेत.

मी सासूला सगळं सांगितलं. ती ऐकून घ्यायची आणि उठून जायची. पोरीचं कुंकू होतं तिच्यापुढे, मला कळत होतं. पण मला दया येत नव्हती, नणदेचीही नाही. खोटं कशाला बोलू?

मग दिवाळीच्या आदल्या आठवड्यात त्याचा सासूला फोन आला. मी तिच्या हातातून घेऊन स्पीकर लावला आणि तिला खुणेनं बोल म्हटलं. तो अगदी लाडात होता. मामी, टेन्शन नका घेऊ. जबाबात एवढंच सांगा की सिम तुम्हीच घेतलं होतं आणि बाजारात एका अनोळखी माणसाला देऊन टाकलं. बुढी औरत को कौन जेल में डालता है. माझं नाव आलं तर तुमच्या पोरीचं काय होईल, पाहा.

तो बोलत होता आणि मी पडद्यावरचा नंबर पाहत होते. शेवटचे चार आकडे मला पाठ होते. सासूच्या सातांतला तो पाचवा. तिच्याच नावाच्या सिमवरून तो तिला सांगत होता की चोरी तुझ्या अंगावर घे. तळपायाची आग मस्तकात गेली. मी वही उघडून त्या ओळीवर बोट ठेवलं. सासूला अक्षरं येत नाहीत, पण आकडे येतात. तिनं एकदा वहीत पाहिलं, एकदा फोनमध्ये, आणि मग इतक्या गोड आवाजात बोलली की मीच चमकले.

"मंडईले या, जवाईबापू. मले समजाऊन सांगा, कसं कसं बोलाचं ते."

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. सोयरे येतात, घरोघरी मटण शिजतं, रात्री दंडारीचा खेळ असतो. सासरहून मंडईचं बोलावणं आलं आणि जवाई आला नाही असं होत नाही. तो आला. बायकोला घेऊन, नवा शर्ट घालून आला. सासूनं रीतीप्रमाणे त्याचे पाय धुतले. पाट मांडला, भाजीतले चांगले तुकडे निवडून त्याच्या ताटात वाढले. भाकरी मी थापत होते आणि मनात म्हणत होते, खा, पोटभर खा. जमादार आणि ते दोघं परराज्यातले पोलीस ग्रामपंचायतीच्या खोलीत बसले होते. कुलूप मीच उघडून दिलं होतं.

त्याचं जेवण होईपर्यंत अंगणात एकेक बाई येऊन उभी राहायला लागली. मंडईचा दिवस, बाया येणारच, त्याला काही वाटलं नाही. अकरावी आली तेव्हा सासूनं त्याच्या हातावर पाणी घातलं, पुसायला टॉवेल दिला आणि म्हणाली, "आता बाहेर जावा. पोलीस तुमची वाट पाहून राहिले. मी त्यायले सारं सांगतलं."

तो आधी हसला. मग दारात जमादार दिसले आणि त्यानं तिचे पाय धरले. तिनं पाय मागे घेतले. मागच्या दाराकडे वळला, तर तिथं चौघी उभ्या होत्या, हलायचं नाव नाही. माझ्यासमोरून जाताना त्याची मान खाली होती, तेव्हा मी मुद्दाम "क्या कंप्यूटरवाले" म्हटलं. म्हणायला नको होतं असं नवरा म्हणतो. मला तर अजून दोन-चार गोष्टी म्हणायच्या होत्या.

गाडी वळली आणि नणंद आईवर धावून आली. "एका नावापायी माहा संसार मोडला तू? सांग, काऊन केलं असं?"

सासू खाली बसून त्याचं उष्टं ताट उचलत होती. वर न बघताच म्हणाली, "ह्या अकरा जणी त्याच्यावर भरोसा ठेऊन आल्या नव्हत्या, बाई. माह्यावर ठेऊन आल्या होत्या."

मग भांडायला आलेल्यांतली, आकडे पाहून खाली बसलेली ती बाई पुढे झाली, सासूच्या हातातलं ताट तिनं काढून घेतलं आणि विहिरीकडे घासायला नेलं. सासू पदरात तोंड घालून रडली. पोलीस आल्यापासून पहिल्यांदाच रडली. नणंद रडत होती. माझ्या तोंडावर मात्र हसू होतं, दाबूनही दबत नव्हतं, आणि ते नणदेनं पाहिलं. ती आता आमच्याकडेच राहते, माझ्या हातचं जेवते, माझ्याशी बोलत नाही. त्या हसण्याची मी तिच्याकडे माफी मागितलेली नाही, आणि मागणारही नाही.